मार्चअखेर: खुर्चीत बसल्या बसल्या ताण हलका करायचे उपाय सांगा

खतावणी
नमस्कार मंडळी. ३१ मार्चपर्यंत अकाउंट्सवाल्यांचं काय होतं ते इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे, त्यामुळे पाल्हाळ लावत नाही. पाच जणांचा विभाग, रोज बारा तास, समोर टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), बाजूला व्हाउचरच्या फायली. तक्रारी नेहमीच्याच: दुपारी तीननंतर मान-खांद्यांचा दगड होतो, छातीत जळजळ, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आकडे नाचायला लागतात आणि शेवटच्या आठवड्यात एकमेकांवर खेकसणं.

अटी: एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळणार नाही. "ट्रेकला जा", "मोबाइल बंद ठेवा", "नोकरी बदला" असले सल्ले नकोत. नेमकं काय करायचं, किती वेळा, आणि चुकतं कुठे, एवढं सांगा.

बारा पेरं
श्वासापासून सुरू करा. त्याला ना चटई लागते ना साहेबांची परवानगी.

चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत नाकानेच बाहेर. मध्ये रोखायचा नाही. एक श्वास दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा. मोजायला मोबाइलचा टायमर लावू नका, तो हातात आला की व्हॉट्सॲप उघडलंच. जपाला मोजतात तशी बोटांची पेरं मोजा. चार बोटांची बारा पेरं, अंगठा एकेक पेर पुढे सरकवायचा. बारा श्वास म्हणजे बरोब्बर दोन मिनिटं. (जपात मेरू म्हणून काही पेरं सोडतात, इथे काही सोडू नका.) सकाळी मशीन सुरू होईपर्यंत एक फेरी, जेवणाआधी एक, चार वाजता एक आणि निघताना एक. दिवसाची आठ मिनिटं झाली. एकदम आठ मिनिटं करण्यापेक्षा अशी पेरलेली बरी, कारण ताणही दिवसभर थोडा थोडा साचत जातो.

सहा मोजून सोडायचा का? श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. सोडणं लांबवलं की मंदावण्याचा भाग जास्त वेळ चालतो. सगळी मेख बाहेर सोडण्यात आहे आणि लोकांचं सगळं लक्ष आत ओढण्यात.

चुकतं तेही तिथेच. "दीर्घ श्वास घ्या" म्हटलं की छाती फुगवून भराभर पाच-सात श्वास ओढले जातात, मग गरगरतं, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. प्राणवायू कमी पडला असं वाटतं, पण झालेलं असतं उलटंच: कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर गेलेला असतो. तळहात बेंबीवर ठेवा. हात हलला पाहिजे, खांदे नाही. जेवणानंतर पट्टा काचत असेल तर एक भोक सैल करा, पोटाला हलायला जागा नसेल तर श्वास छातीतच अडकतो.

बोलाचाली झाली, साहेब ओरडून गेले, अशा वेळी दोन मिनिटंही नसतात. तेव्हा नाकाने श्वास घ्या, तो भरत आला की त्यावर आणखी एक छोटा घोट घ्या, मग तोंडाने संथ, लांब सोडा. असं तीनदा. त्यानंतरच ईमेलला उत्तर द्या.

आता खांदे. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरने १९२० च्या दशकात मांडलेली पद्धत आहे: स्नायू आधी मुद्दाम आवळायचा, मग सोडायचा. खुर्चीत हे सहज होतं. खांदे कानांकडे उचला, पाच सेकंद धरा आणि एकदम खाली टाका. हळूहळू उतरवायचे नाहीत, पोतं टाकावं तसे टाका. पंधरा सेकंद नुसतं बसा, सैल झाल्याचं जाणवू द्या. मग मुठी, मग पायाचे चवडे. आवळताना सगळा जोर लावू नका, सत्तर टक्के पुरे, नाहीतर पोटरीत गोळा येतो. एक जागा सगळे विसरतात: जबडा. आकडे टाइप करताना दात आवळले जातात. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला टेकलेली, अशी सवय लावा. संध्याकाळची कानशिलं दुखतात त्यातली बरीच दुखणी इथून निघतात.

अनुलोम-विलोम चालेल का असं कोणी विचारेलच. चालेल, पण कुंभक, म्हणजे मध्ये श्वास रोखणं, न करता. रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी श्वास रोखायचे प्रकार ऑफिसात स्वतःच्या मनाने करू नयेत.

टेबलखुर्ची
वरचं सगळं मान्य. पण मान रोज तीन वाजता दगड होत असेल तर आधी टेबल बघा. नाहीतर दिवसभर मान वाकडी करायची आणि दोन मिनिटं श्वास घ्यायचा, हे फुटक्या हंड्यात पाणी भरणं झालं.

अकाउंट्सच्या टेबलावर एक खास दोष असतो. व्हाउचरची फाइल डावीकडे टेबलावर आडवी, स्क्रीन समोर. दर नोंदीला मान डावीकडे खाली, मग वर समोर. दिवसाला चारशे नोंदी असतील तर चारशे वेळा. फाइल कीबोर्ड आणि स्क्रीनच्या मधोमध, तिरपी उभी करा. स्टँड विकत घ्यायची गरज नाही: जुनी बॉक्स फाइल आडवी ठेवून तिला टेकवा, खालून घसरू नये म्हणून एक फूटपट्टी चिकटपट्टीने लावा. डोळे फिरतात, मान फिरत नाही.

लॅपटॉपवर काम असेल तर तो उचलून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली आणा (कॉपीअर कागदाची दोन रिमं बहुतेकांना पुरतात) आणि कीबोर्ड वेगळा जोडा. नुसता लॅपटॉप उंच करून त्यावरच टाइप केलंत तर मान सुटेल आणि मनगटं-खांदे धरतील. अंतर हातभर. पाय लोंबकळत असतील तर खाली कागदाचा रिकामा खोका ठेवा, पाय टेकले नाहीत की कंबर पुढे घसरते आणि पाठोपाठ मान.

आणखी एक. आकड्यांचा कीपॅड उजवीकडे, त्याच्याही पलीकडे माउस, त्यामुळे उजवा हात दिवसभर शरीरापासून लांब. उजवा खांदाच जास्त दुखतो तो यानेच. माउस आठवडाभर डावीकडे घेऊन बघा. पहिले दोन दिवस वैताग येतो, म्हणून २९ तारखेला सुरू करू नका, आजच करा.

व्यायाम एकच सांगतो. ताठ बसा, नजर समोर, हनुवटी सरळ मागे ओढा, जणू कोणी तोंडासमोर नको असलेली फाइल धरली आहे. दुहेरी हनुवटी दिसली म्हणजे बरोबर. पाच सेकंद धरा, आठ वेळा, दर दोन तासांनी. मान गोल गोल फिरवू नका, विशेषतः मागे टाकून तर नाहीच. ज्यांना स्पॉन्डिलोसिस (मानेच्या मणक्यांची झीज) आहे किंवा चक्कर येते त्यांना त्याने त्रासच होतो. कडकड आवाज काढून मोकळं वाटतं ते दहा मिनिटांपुरतं.

डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं, हे सगळ्यांना पाठ असतं आणि कोणी करत नाही, कारण आठवण राहत नाही. कामाला जोडून घ्या: प्रत्येक व्हाउचरचा गठ्ठा संपला की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. स्क्रीनकडे बघताना पापण्या मिटण्याचं प्रमाण खूप घटतं, त्यात एसीचा झोत चेहऱ्यावर असेल तर डोळे कोरडे पडून जळजळतात. झोताची दिशा बदला. तो तिढा सुटत नसेल तर निदान जागा बदला.

कोकमआगळ
खाण्यापिण्याचं मी सांगते. थोडक्यात, कारण यात गूढ काही नाही.

चहा. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना सातही. सहा वाजता घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकराला रक्तात असतं, आणि मग आकडे नाचतात म्हणून तक्रार. शेवटचा चहा चारला. त्यानंतर टपरीवर जायचंच असेल तर जा, चालणं होतं, पण लिंबू सरबत घ्या. मात्र सहा-सात कप पिणाऱ्यांनी मार्चमध्ये चहा एकदम बंद करू नये: एक-दोन दिवस सणसणून डोकं दुखतं आणि कामाचा बोजवारा उडतो. पूर्ण कपाचं कटिंग करा, मग दर दोन दिवसांनी एक कमी.

जळजळ होते ती बहुतेक वेळा साडेनवाला मागवलेल्या जेवणाने. भुकेने कासावीस झाल्यावर बिर्याणी किंवा चार वडापाव, आणि अकराला आडवं. त्याऐवजी संध्याकाळी साडेसहाला टेबलावरच काहीतरी पोटभरीचं खा: घरून आणलेली पोळीभाजीची गुंडाळी, दहीपोहे, नाहीतर दोन राजगिऱ्याचे लाडू आणि मूठभर फुटाणे. मग रात्री घरी गेल्यावर ताकभात किंवा मुगाची खिचडी पुरते. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास ठेवा. उशी उंच करून उपयोग नाही, त्याने फक्त मान वाकते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली चार-सहा इंचाच्या विटा किंवा ठोकळे ठेवा.

पाणी. मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात ऊन चाळिशीकडे जातं, पण एसीत तहान कळत नाही आणि उठायला नको म्हणून लोक पाणी टाळतात. चारनंतर डोकं जड होतं त्यात याचा वाटा असतो. एक लिटरची बाटली जेवणाआधी एक, जेवणानंतर एक. लघवी गडद पिवळी असेल तर कमी पडतंय. जेवणानंतर पातळ ताक, चिमूटभर जिरेपूड घालून. कोकम सरबत आवडतं मला (नावावरून कळलं असेलच), पण बाटलीबंद सरबतात साखर फार असते. आगळ (कोकमाचा खारट रस) आणून स्वतः करा: एका ग्लासला दोन चमचे आगळ, चिमूट मीठ, चवीपुरती साखर. आगळात मीठ असतंच, म्हणून रक्तदाबवाल्यांनी वरून घालू नये. आणि ज्यांची जळजळ आधीच सुरू आहे त्यांनी आंबट नंतर, आधी ताकही पिऊन बघावं सोसतंय का.

खतावणी
पेरं मोजायचं आवडलं, फायली उभ्या केल्या. :) रात्रीच्या आकड्यांचं काय? आणि कामाचा डोंगरच एवढा आहे की श्वास घेतानाही तोच दिसतो.

ताळेबंद
डोंगराबद्दल आधी, कारण निम्मा डोंगर तिथे नसतोच.

मार्चअखेर हे नाव आहे म्हणून सगळं ३१ तारखेच्या रात्री बाराच्या आत व्हायला हवं असं डोक्यात बसतं. एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे जे खरोखर ३१ पर्यंतच व्हायला हवं ते: मालाची प्रत्यक्ष मोजणी, रोकड मोजून सही, हातातल्या न भरलेल्या चेकची यादी, निर्यात असेल तर नव्या वर्षाचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र), १ एप्रिलपासूनची नवी बिल मालिका. उजवीकडे बाकीचं. खासगी आस्थापनांना मार्चचा टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) भरायला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते, चौथ्या तिमाहीचं विवरण ३१ मेपर्यंत. दरमहा भरणाऱ्यांचं मार्चचं जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं विवरण) ११ एप्रिलला, ३बी (कर भरण्याचं विवरण) २० एप्रिलला. तरतुदींच्या नोंदी, घसारा, बँकेची जुळवणी हे सगळं एप्रिलमध्ये बसून ३१ मार्चच्या तारखेने टाकता येतं. तारखा बदलल्याच्या सूचना येतात, त्या पोर्टलवर बघून घ्या, पण डावी बाजू अर्ध्या पानाची निघेल.

(एप्रिल-मार्च हे वर्ष तरी कुठे आपलं? इंग्रज सरकारने १८६७ मध्ये ते लावलं. पेढ्यांच्या वह्या दिवाळीत पूजा होऊन बदलायच्या. तेव्हाच्या मुनीमजींना निदान फराळ तरी मिळत असावा.)

दुसरं, खेकसणं सुरू होतं ते बहुधा न सापडणाऱ्या फरकावरून. टॅलीत जमा-नावे आपोआप जुळतं, म्हणून चूक ट्रायल बॅलन्समध्ये (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीत) दिसत नाही. ती बँकेच्या जुळवणीत किंवा पार्टीच्या खातेउताऱ्यात डोकं वर काढते. उतारा वरून खाली चाळण्याआधी दोन गणितं करा. फरकाला नऊने भाग जातो का? जात असेल तर आकडे उलटसुलट झाल्याचा संशय: ७,६३२ च्या जागी ७,३६२, फरक २७०. एखादं शून्य गळलं तरी नऊने भाग जातो, १,५०० चे १५० झाले तर फरक १,३५०. नऊने जात नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधा. फरक ४,९०० असेल तर २,४५० ची नोंद उलट्या बाजूला, म्हणजे दिल्याऐवजी आल्याची पडली असण्याची शक्यता. दोन्ही नाही जमलं तर ती रक्कम जशीच्या तशी शोधा, नोंद राहिली असेल किंवा दोनदा पडली असेल.

आणि वीस मिनिटांची मर्यादा घाला. वीस मिनिटांत फरक सापडला नाही तर तो दुसऱ्याच्या टेबलावर जाईल, असा नियम पाचही जणांत आधीच ठरवा. आपण केलेली चूक आपल्याच डोळ्यांना दिसत नाही, कारण डोळा जे असायला हवं तेच वाचतो. नियम आधी ठरलेला असला की फाइल सरकवताना कमीपणा वाटत नाही.

रात्री नऊनंतर पैसे पाठवायचे नाहीत, खाती पुसायची नाहीत, बॅकअपवर बॅकअप चढवायचा नाही. जे परत फिरवता येत नाही ते सकाळी. रात्री फक्त टिका मारणं आणि फायली लावणं.

सुशेगाद
रात्रीच्या आकड्यांसाठी: निजण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं हाताने कागदावर लिहा. अमेरिकेत बेलर विद्यापीठात हे तपासलं होतं, निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ५७ जणांना झोपेच्या प्रयोगशाळेत दोन गटांत विभागलं, एकाने पुढची कामं लिहिली, दुसऱ्याने झालेली. पुढची लिहिणारे लवकर झोपले, आणि जितकं बारकाईने लिहिलं तितकं जास्त लवकर. प्रयोग छोटा आहे, पण फुकटचा उपाय आहे. "बँकेचं बघणे" असं लिहू नका. "चालू खात्याचा फेब्रुवारीचा उतारा, १४ तारखेनंतर, न वठलेले तीन चेक" असं लिहा. मोघम काम डोकं पुन्हा पुन्हा चघळतं. कागद दुसऱ्या खोलीत ठेवून या.

त्याआधी पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं. गरम पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप यायला मदत होते. घरात काशाची वाटी असेल तर तळव्याला तेल लावून पाच-पाच मिनिटं घासून घ्या, छान वाटतं. वाटीखालचं तेल काळं होतं ते धातूमुळे, "अंगातली उष्णता निघाली" म्हणून नव्हे. तळवे पुसूनच फरशीवर पाऊल टाका.

वीस मिनिटांत झोप नाही आली तर उठा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे जड झाले की परत. घड्याळ उलटं करून ठेवा. "आता चारच तास उरले" हा हिशोबही हिशोबच आहे.

कोषागार
ताळेबंद यांचं उत्तर खासगीवाल्यांना ठीक. सरकारी कार्यालयात ३१ म्हणजे ३१ च. बिल कोषागारात गेलं नाही तर निधी व्यपगत होतो, म्हणजे न वापरलेला परत जातो. बँकांतही रात्र होते, १ एप्रिलला त्या वार्षिक खातेबंदीसाठी ग्राहकांना बंद असतात. अशा ठिकाणी रात्र टळणार नसते, म्हणून आधी सोय करा.

३० ची झोप पूर्ण घ्या, सात तास. ३१ ला संध्याकाळी आळीपाळीने वीस मिनिटांची डुलकी, गजर लावून. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात तर गाढ झोपेतून उठल्यासारखं डोकं बधिर राहतं आणि पुढचा अर्धा तास वाया जातो. रक्तदाबाची, मधुमेहाची एक जादा पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवा, या दिवसांत गोळी चुकते ती घरी राहिल्यामुळे. पहाटे दुचाकीवर एकट्याने निघू नका. ज्याने डुलकी काढली आहे त्याने चालवावं किंवा रिक्षा करावी.

बारा पेरं
कोषागार यांनी गोळ्यांचा विषय काढला म्हणून जोडतो. जळजळ आणि हृदयाचं दुखणं यांत गल्लत होते. छातीवर दाब, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, घाम, धाप, यातलं काही असेल तर ताक पीत बसू नका, १०८ ला फोन लावा. मधुमेह्यांत आणि बायकांत दुखणं कमी आणि नुसता थकवा, मळमळ जास्त, असंही होतं.

आणि एप्रिलचे दोन आठवडे उलटूनही झोप येत नसेल, कशात मन लागत नसेल, तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलं, फोन फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. जगण्याचाच कंटाळा आल्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका, त्याच रात्री लावा.

खतावणी
सगळ्यांचे आभार. नऊचं गणित फळ्यावर लिहून ठेवलं. एक शंका: फरक दुसऱ्याकडे द्यायचा म्हणता, पण पाचही जण आपापल्या कामात बुडालेले. मग?

ताळेबंद
मग जोडी लावा. एकाने उताऱ्यातले आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने स्क्रीनवर टिका मारायच्या. एकट्याला पुन्हा पुन्हा वाचावी लागणारी पानं अशी एका दमात होतात. रक्कम एकेक अंक सुटा वाचा, "सात सहा तीन दोन". "सात हजार सहाशे बत्तीस" म्हटलं की ऐकणारा अंदाजाने पुढे जातो, आणि बत्तीस-बेचाळीसची गल्लत आपल्या भाषेत कायमची. अर्ध्या तासाने अदलाबदल करा, वाचणाऱ्याचा घसा बसतो आणि टिका मारणाऱ्याला झापड येते. वाचणारा उभा राहिला तर त्याची पाठही मोकळी होईल.